धाकटी कुणासाठी यायची

रखमाजीच्या घरात नवरा-बायकोचं एकच भांडण वर्षानुवर्षं चाललेलं होतं. ते शेतावरून नव्हतं, सासर-माहेरावरून नव्हतं, पोराबाळांवरून तर नव्हतंच. ते होतं एका लांडगिणीवरून.

द्वारकाबाईचं म्हणणं असं, की ती लांडगीण रखमाजीजवळ येऊन बसायची ती त्याच्या घोंगडीसाठी. घोंगडीला मेंढरांचा वास, आणि लांडग्याच्या जातीला त्याहून गोड वास दुसरा कुठला? रखमाजीचं म्हणणं असं, की ती त्याच्यासाठी यायची, त्याच्या एकट्यासाठी. हे सांगताना साठी ओलांडलेला तो उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस असा काही इरेला पेटायचा, की द्वारकाबाईला मुद्दाम पुन्हा पुन्हा डिवचावंसं वाटायचं.

"तुमच्यात असं काय हाय हो बघण्यासारखं?" ती चुलीपुढूनच विचारायची. "मला तर एवढ्या वर्षात काही दिसलं न्हाई."

"तुला दिसलं न्हाई म्हून तिलाबी दिसू नये का?"

"तिला घोंगडी दिसती. तुमी घोंगडीच्या आत हायेत, एवढंच."

मग रखमाजी ताट पुढं सरकवायचा आणि उरलेलं जेवण न बोलता उरकायचा. पण जेवण उरकायचा हं. रागाच्या भरात ताटावरून उठणारा माणूस तो नव्हता.

रखमाजीची वस्ती बदनापूरला लागून, रेल्वेच्या रुळांपलीकडे. त्याचे वडील कडूबा मूळचे हसनाबादकडचे, मेंढरं घेऊन चारणीला इकडं यायचे. एका वर्षी इथंच कुणाची तरी पडीक जमीन वाट्यानं मिळाली आणि फिरतं बिऱ्हाड थांबलं. मेंढरं कमी झाली, पण संपली नाहीत. आजही दारापुढच्या काटेरी कुंपणात पाच-सहा मेंढरं आणि दोन शेळ्या असतात, आणि त्यांच्याशिवाय आपल्याला झोप येत नाही असं द्वारकाबाई म्हणते.

कडूबांच्या घरात लांडग्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की तो येतो, हा त्यांचा पक्का समज. म्हणून त्याला म्हणायचे 'पाव्हणा'. सकाळी कुणी म्हणालं, "काल पाव्हणा आल्ता," की पोरांनी समजून घ्यायचं, एक कोकरू कमी झालं. रखमाजीनं लहानपणी हा पाव्हणा बांधावर उभा असलेला कितीदा तरी पाहिला होता. कडूबा काठी आपटायचे, कुत्री भुंकायची, आणि पाव्हणा घाई न करता वळून निघून जायचा. त्या न घाबरण्याची रखमाजीला भीतीही वाटायची आणि आतल्या आत कौतुकही वाटायचं. वडिलांना मात्र हे त्यानं कधी सांगितलं नाही, पाठ सोलून निघाली असती.

अशा घरातला हा माणूस शेजारच्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात नोकरीला लागला. जनावरात वाढलेला गडी पाहिजे, अशी कुणीतरी वर्दी दिली, आणि हा सकाळच्या गाडीनं गेला तो निवृत्त होईपर्यंत रोज जातच राहिला. अंगात खाकी कपडे, हातात भाकरीचा डबा, आणि खांद्यावर काळी घोंगडी. घोंगडी त्यानं सोडली नाही. साहेबानं सुरुवातीला हटकलं, मग नाद सोडला. घोंगडी धुवायची नसते, उन्हात टाकायची असते, आणि रात्री ती मेंढरांच्या कुंपणावरच लटकलेली असायची. त्यामुळे गाडीत रखमाजी बसला की शेजारची मंडळी हळूहळू नाकाला रुमाल लावून सरकायची आणि त्याला खिडकी मिळायची. बदनापूरहून जाणाऱ्या नोकरदारांमध्ये रोज बसायला जागा मिळणारा हा एकमेव माणूस असावा.

परक्या माणसाला मेंढरांचा कळप म्हणजे एक हलणारं जाजम दिसतं. मेंढपाळाला त्यात हट्टी कोण, भित्री कोण, लाडावलेली कोण आणि हावरट कोण, हे सगळं दिसत असतं. रखमाजीला पिंजऱ्यांतही तेच दिसलं. एक सांबर होतं, त्याला बायकांच्या बांगड्यांचा आवाज आला की कुठूनही धावत यायचं. पुरुष हाका मारून घसा कोरडा करोत, ढुंकून बघायचं नाही. तिथल्या अस्वलाचा छत्रीवर कसला राग होता देव जाणे, एरवी गरीब, पण पावसाळा आला की त्याचं डोकं फिरायचं. दोन माकडिणी सख्ख्या बहिणी, त्यातली एक शेंगदाणा हातातून घ्यायची आणि दुसरी आधी बोट पकडून माणसाची परीक्षा घ्यायची. सुसरीचं मात्र सगळ्यांशी सारखंच होतं, म्हणजे कुणाशीच काही नव्हतं. "तिची मला लई भीती वाटती," असं रखमाजी म्हणायचा. "जिला कुणाचंच काही न्हाई, तिच्याशी बोलावं काय?"

आणि मग ती दोन पिल्लं आली.

अंकुशनगरकडं कारखान्याची ऊसतोड चालू होती. तोडणी करणाऱ्या बायकांना उसाच्या फडात, पाचटात दडलेली दोन पिल्लं सापडली. त्यांना वाटलं कुत्र्याची आहेत. एकीनं पदरात घेतलीसुद्धा. आई परत येईल म्हणून वनखात्याच्या लोकांनी वाट पाहिली, पण फड तोडून मोकळा झालेला, माणसांची वर्दळ, ती काही आली नाही. पिल्लं शहरात आणली गेली आणि साहेब म्हणाले, रखमाजी, ही तुझ्याकडे.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा द्वारकाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "ज्याला मामंजींनी जन्मभर काठी घेऊन हाकललं, त्याला तुमी दूध पाजून राह्यलेत?"

"लेकरं हायेत ती."

"पाव्हण्याची लेकरं."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याबरोबर तिनं शेळीच्या दुधाची बाटली दिली आणि रोज देत राहिली. यावर तिला कुणी काही विचारलेलं तिला आवडत नाही.

संग्रहालयाच्या पाटीवर त्यांना छान छान नावं दिली होती. रखमाजीनं ती कधी उच्चारली नाहीत. वडिलांची सवय जिभेवर होती. तो नुसतं थोरली आणि धाकटी म्हणायचा. एकाच आईच्या, एकाच बाटलीवर वाढलेल्या, एकाच पिंजऱ्यात राहणाऱ्या दोघी, पण स्वभाव बघाल तर एक पूर्व आणि एक पश्चिम. थोरली म्हणजे लग्नघरात मिरवणारी करवली. माणसं दिसली की जाळीशी, शाळेची सहल आली की हिच्या उड्या सुरू. नवा शिपाई येवो, डॉक्टर येवोत, हिला सगळे घरचेच. धाकटी खडकाच्या मागं. गर्दी असेल तोवर तिचे नुसते कान दिसायचे. दूध प्यायची तीसुद्धा रखमाजीच्या हातावर डोळे रोखून, आणि बाटली संपली की मागं सरकून कोपऱ्यात. सगळ्यांचा जीव थोरलीवर होता, आणि ते रास्तच होतं. रखमाजीचा जीव धाकटीवर बसला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. लहानपणी बांधावर उभा राहून न घाबरता वळून जाणारा तो पाव्हणा तिच्यात होता, एवढंच.

त्यानं तिला कधी बोलावलं नाही. पिंजऱ्याच्या मागच्या अंगाला एक अरुंद बोळ होता, तिथं लोकांना यायला मनाई होती. दुपारच्या सुटीत रखमाजी तिथं घोंगडी अंथरायचा, जाळीला पाठ टेकायचा आणि भाकरी खायचा. असा काही काळ गेला. पिल्लं मोठी झाली, बाटली बंद झाली, मांस सुरू झालं. एका दुपारी भाकरी तोंडात असताना त्याला पाठीला जाळी किंचित दबल्यासारखी वाटली. ऊब लागली. त्यानं मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. धाकटी बसली होती, त्याच्याकडं पाठ करून, तिची पाठ त्याच्या पाठीला, मध्ये फक्त जाळी.

रात्री मेंढरांच्या वाड्यावर कुत्री अशीच बसतात, धन्याला पाठ टेकून. ज्याच्यावर भरवसा त्याच्याकडं बघायची गरज नसते, बघायचं बाकीच्या जगाकडं. रखमाजीला हे ठाऊक होतं. घास गिळायलाही तो घाबरला. त्या दिवशी त्याचं पुढचं काम राहिलं, साहेबांची बोलणी बसली, आणि घरी येऊन चपला न काढताच त्यानं हे द्वारकाबाईला सांगितलं.

ती सगळं ऐकून म्हणाली, "घोंगडी व्हती ना खाली अंथरलेली?"

भांडण सुरू झालं ते तिथून.

पुढची सगळी वर्षं धाकटी दुपारी येऊन बसत राहिली. दुसरं कुणी त्या बोळात बसलं तर येत नसे. मिथुन नावाचा नवा पोरगा हाताखाली आला, चांगला मायाळू पोरगा, त्यानं महिनोन्‌महिने बसून पाहिलं. थोरली त्याच्याशी खेळायची, धाकटी खडकामागून हलायची नाही. "मामा, तुमी तिला काय करता?" तो विचारायचा. रखमाजी म्हणायचा, "काहीच करत न्हाई. तेच करतो."

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला, भाषणं झाली. रखमाजी मधेच उठून बोळात जाऊन बसला. धाकटी आली, बसली. उद्यापासून आपण येणार नाही हे तिला कसं सांगायचं, याचा त्याला काही उपाय सापडला नाही. थोड्या वेळानं त्याला हारासाठी शोधत माणसं आली आणि ती उठून गेली.

त्यानंतर रखमाजीला घर लागेना. सकाळची गाडी धडधडत गेली की तो उठून उभा राहायचा. मेंढरं घेऊन माळावर जायचा, दुपारी एखाद्या बाभळीला पाठ टेकून भाकरी सोडायचा, आणि पाठीला झाडाची साल टोचली की घास तोंडात फिरायला लागायचा. पोरं-सुना चांगली, नातवंडं अंगाखांद्यावर खेळणारी, आणि ह्या माणसाला आठवण यायची ती एका जनावराच्या पाठीची. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर माणसं हसली असती, आणि द्वारकाबाई तर हसून लोळली असती.

थोरली गेल्याचा मिथुनचा फोन आला. म्हातारपणानंच गेली. धाकटी आता एकटी, हे ऐकल्यावर रखमाजीला राहवेना. ऐन उन्हाळ्यातला रविवार होता. शहरात जायचं म्हणून द्वारकाबाईनं त्याला वासाचा साबण दिला, परीटघडीचं धोतर दिलं, आणि एवढ्या उन्हात घोंगडी कशाला म्हणून ती खुंटीवरच राहिली. घोंगडीवाचून काय होईल, हे तिच्या मनातही नव्हतं, त्याच्याही नव्हतं.

मिथुन त्या दिवशी सुटीवर होता. बोळाच्या तोंडाला नवा माणूस, आत जाऊ का असं विचारायला रखमाजीची जीभ रेटेना. जिथं उभी हयात गेली तिथं परवानगी मागायची, या विचारानंच त्याला कसंनुसं झालं. तो तिकीट काढून समोरच्या गर्दीत उभा राहिला. खडकामागं दोन कान दिसत होते. हाक मारावी तर नाव नाही. पाटीवरच्या नावानं त्यानं तिला कधी हाकारलं नव्हतं. तो खोकला. पुन्हा खोकला. कान जरासे हलले, की त्याला तसं वाटलं. शेजारचं एक पोर आईला म्हणालं, "इथं काहीच न्हाई, चल ना माकडं बघू." गर्दी माकडांकडं गेली, दुसरी आली. संध्याकाळी शिट्टी वाजेपर्यंत रखमाजी उभा होता. ती आली नाही.

घरी आल्यावर द्वारकाबाईनं तोंडाकडं बघून ओळखलं आणि सवयीनं म्हणाली, "घोंगडी न्हाई नेली ना? मंग कशी यील?"

नेहमीसारखा तो उसळेल असं तिला वाटलं होतं. त्यानं हातपाय धुतले, मेंढरांना पाणी दाखवलं आणि जेवायला बसला. त्या दिवसापासून त्यानं लांडगिणीचा विषयच काढला नाही आणि पुन्हा शहरातही गेला नाही. काळजाला कुठं लागलं ते द्वारकाबाईला कळलं, पण बोललेला शब्द परत कसा घ्यायचा हे तिला उमजलं नाही. ह्या घरात तशी रीत नव्हती.

रखमाजीच्या मनात मात्र ते एकच घोळत राहिलं. एवढी वर्षं ती आली ती कुणासाठी? माणसाला एवढंसं कळावं, मग डोळे मिटायला हरकत नाही, असं त्याला खरंच वाटायला लागलं होतं.

थंडी पडली आणि मिथुनचा फोन आला.

"मामा, धाकटीला हलवून राह्यलेत. तिकडं विदर्भात लांडग्यांसाठी मोठी जागा हाय, माळरानासारखी. दुसरे लांडगेबी हायेत. इथं एकटीच कुढती ती."

"चांगलंच हाय की," रखमाजी म्हणाला.

"पण न्यायच्या पिंजऱ्यात ती जाईना. रोज दार उघडून ठिवतो, मांस ठिवतो. उपाशी राहती पण पाय ठिवत न्हाई. डॉक्टर मॅडम म्हणतात, उद्या न्हाई गेली तर सुई मारून बेशुद्ध करावं लागंल. अन् तिचं वय झालं, सुईतून उठंल का न्हाई ह्याचा भरवसा न्हाई. मामा, तुमी येता का? तुमचं ऐकंल ती."

रखमाजीनं यातलं शेवटचं वाक्यच ऐकलं. सकाळी तो गाडीच्या कितीतरी आधी तयार होता. खुंटीवरच्या घोंगडीकडं बघत मात्र तो उभा राहिला. नेली आणि धाकटी आली, तर कोडं सुटणार नाही. नाही नेली आणि ती आली नाही, तर तिच्या अंगात सुई जाणार. आपल्या मनाच्या खेळापायी तिच्या जिवाशी खेळायचं? त्याला स्वतःचीच शरम वाटली. त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली. द्वारकाबाई दारात उभी होती, तिनं भाकरीचा डबा त्याच्या हातात दिला.

संग्रहालय त्या दिवशी लोकांना बंद होतं. साक्षी मॅडम, तिथल्या डॉक्टर, तरुण आणि कामात चोख बाई, त्यांनी त्याला सगळं नीट समजावलं. धाकटीच्या पिंजऱ्याच्या दाराला न्यायचा लोखंडी पिंजरा जोडला होता. त्याच्या पलीकडच्या टोकाला जाळी, आणि अलीकडे तोंडाशी दोरीनं वर ओढून धरलेलं दार. ती आत गेली की मिथुन दोरी सोडणार.

"काका, जनावर एखाद्याच माणसाला जवळ करतं कधीकधी," त्या म्हणाल्या. "हिचा स्वभावच तसा. आम्ही कुणीच चालत नाही तिला. बघा प्रयत्न करून."

मिथुनला एकदम सुचलं. "मामा, घोंगडी द्या की. ती आत अंथरू. तिला वास लागला की जाईल बराबर."

रखमाजीला द्वारकाबाई तिथं नसून तिचाच आवाज ऐकू आल्यासारखा झाला. पण नाही म्हणायला कारण काय? त्यानं घोंगडी काढून दिली. मिथुननं ती न्यायच्या पिंजऱ्यात अंथरली. रखमाजी नुसत्या सदऱ्यावर बोळात गेला, आपल्या जुन्या जागी फरशीवर बसला आणि जाळीला पाठ टेकली. लोखंड थंडगार होतं. सगळे लपले.

बऱ्याच वेळानं खडकामागून धाकटी बाहेर आली. तोंड पांढरं झालं होतं, मागचा पाय जड टाकत होती. रखमाजीनं मान थोडी वळवून ते पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. ती हवेत नाक धरून उभी राहिली. मग सरळ न्यायच्या पिंजऱ्याच्या तोंडाशी गेली. मान आत घालून घोंगडी हुंगायला लागली. हुंगतच राहिली.

'जा,' रखमाजी मनात म्हणाला. 'जा बाई, तुझं भलं होईल.' आणि त्याच मनात, त्याच्याच खाली, दुसरं कुणीतरी गयावया करत होतं, 'जाऊ नको.'

तिनं मान बाहेर काढली. घोंगडी, मेंढरांचा वास, बाजूला ठेवलेलं मांस, सगळं तिथंच टाकून ती वळली आणि जाळीकडेनं चालत बोळाच्या बाजूला आली. क्षणभर थांबली. रखमाजीला तिचा श्वास कानामागं ऐकू आला. मग जाळी दबली. पाठीला ऊब लागली.

रखमाजीला वाटलं, आत्ता इथं मरण आलं तरी चालेल. घोंगडी तिकडं होती आणि ती इकडं होती. ती त्याच्यासाठी यायची, एवढी वर्षं, त्याच्या एकट्यासाठी. तो आवाज न करता रडला, मिशा ओल्या झाल्या, आणि पाठ जराही हलू दिली नाही.

बोळाच्या तोंडाशी साक्षी मॅडम आल्या होत्या. त्यांचेही डोळे ओले होते. त्या अगदी हळू म्हणाल्या, "काका, तुम्ही पलीकडे पिंजऱ्यामागं बसलात तर ती तुमच्या मागं येईल."

हे रखमाजीच्या ध्यानात आलंच नव्हतं. सुखाच्या भरात तो विसरला होता, की आपल्याला कशासाठी बोलावलंय. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं. त्या काही वाईट सांगत नव्हत्या. सुईपेक्षा हे बरं, माळरान बरं, सोबत बरी. सगळं बरोबर होतं.

"थोडं बसू द्या, मॅडम," तो म्हणाला.

त्यांनी बसू दिलं. ऊन फरशीवरून सरकत त्याच्या पायांपर्यंत आलं. मग तो गुडघ्यांवर हात रोवून उठला, वळसा घालून न्यायच्या पिंजऱ्याच्या पलीकडच्या टोकाला गेला आणि तिथल्या जाळीला पाठ टेकून बसला. मागं वळून बघायचं नाही असं त्यानं ठरवलं. पावलांचा आवाज आला, एक पाय जड. पिंजऱ्याच्या तोंडाशी थांबला. मग लोखंडावर नखं वाजली, मग घोंगडीवर वाजेनाशी झाली. जाळी दबली.

मिथुननं दोरी सोडली.

दार धाडकन पडलं तशी ती उसळली, दारावर आदळली, पुन्हा आदळली. मग एकदम गप्प झाली. रखमाजी वळला. धाकटी घोंगडीवर उभी राहून त्याच्याकडं बघत होती. एवढ्या वर्षांत तिनं त्याला पाठच दिली होती, तोंडासमोर येऊन कधी बघितलं नव्हतं. कडूबांच्या काठीला पाव्हणा जसा बघायचा, तसंच ती बघत होती. मग ती वळली, त्याच्यापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात गेली आणि अंग चोरून बसली.

"काका, घोंगडी काढायची राहिली की," साक्षी मॅडम म्हणाल्या.

"राहू द्या. वाटंत थंडी लागंल तिला."

ट्रक फाटकाबाहेर पडेपर्यंत तो उभा होता. मिथुन त्याला चहाला घेऊन गेला, पुन्हा पुन्हा पाठीवर हात फिरवत राहिला. "मामा, तुमी तिचा जीव वाचवला," तो म्हणाला. खरंच होतं ते. रखमाजीनं मान डोलावली.

परतीच्या गाडीत गर्दी होती. तो बसला तर शेजारी एक माणूस येऊन अगदी खेटून बसला, दुसऱ्या बाजूलाही एक बसला. कुणी नाकाला रुमाल लावला नाही. खिडकी मिळाली नाही. माणसांच्या मध्ये दाटीवाटीनं बसून त्याला पहिल्यांदा नीट विचार करता आला. घोंगडीच्या वासानं ती आत गेली असती, तर घोंगडीनं तिला फसवलं असतं. पण ती घोंगडीच्या वासानं गेली नव्हती. बदनापूरला उतरताना त्याला वाटलं, बाई, घोंगडीसाठीच आली असतीस तर बरं झालं असतं.

दिवस मावळायला आला होता. द्वारकाबाई मेंढरं कोंडत होती. तिनं आधी त्याचा रिकामा खांदा पाहिला.

"घोंगडी?"

"तिच्यासंगं गेली."

"म्हंजी?"

रखमाजी दारातल्या बाजेवर बसला. पायातल्या चपला काढून त्यानं नीट बाजूला ठेवल्या. "तुझंच खरं निघालं," तो म्हणाला. "पिंजऱ्यात घोंगडी टाकली अन् गेली सरळ आत. माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई."

एवढ्या वर्षांचं भांडण ती जिंकली होती. एरवी तिनं साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं असतं. पण तिनं कुंपणाचं दार तसंच अर्धवट ठेवलं आणि त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. हा माणूस इतक्या सहज हरणाऱ्यातला नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं आपल्या अंगावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली आणि शेजारी बसली.

"न्हाई हो," ती म्हणाली. "मी उगंच म्हणायची. ती तुमच्यासाठीच यायची."

हे एक वाक्य ऐकायला त्यानं किती वाट पाहिली होती. त्यानं घाईघाईनं हात वर केला, तिचं तोंड बंद करावं तसा.

"नको," तो म्हणाला. "तसं म्हणू नको, द्वारके."